उद्या आपल्याला कोण वाचणार? शिवराम जानबा कांबळे, किसन फागूजी बनसोडे आणि लिहिणाऱ्याची भीती



आंबेडकरी चळवळीत लिहिणाऱ्या माणसांना आजकाल एक भीती सतावते आहे. सभेत ती कोणी बोलून दाखवत नाही, पण चहाच्या टपरीवर दोन कार्यकर्ते भेटले की हमखास निघते. आपण लिहितो ते आता जुने झाले काय? मनुस्मृती, महाड, पुणे करार, धर्मांतर हे विषय आपण तीस वर्षे मांडत आलो, पुढची पिढी हे ऐकून थकली काय? उद्या आपल्याला कोण वाचणार?

आम्ही मुळशी तालुक्यात काम करतो, तिथे ही भीती रोज समोर येते. एका बाजूला हिंजवडीच्या काचेच्या इमारती, मध्ये पिरंगुटचे कारखाने, वर धरणाचे पाणी आणि त्यापलीकडे डोंगरातली विरळ गावे. आमच्या वस्त्यांमधली मुले यातल्या एखाद्या ठिकाणी कंत्राटावर कामाला जातात. १४ एप्रिलला ती न चुकता येतात, निळा झेंडा खांद्यावर घेतात आणि मिरवणुकीत नाचतात. पण हातात पुस्तिका दिली की विचारतात, "दादा, हे माहीत आहे, यात नवीन काय?" हा प्रश्न उद्धट नाही. तो खरा आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागेल.

काही जण उत्तर म्हणून पिढीला दोष देतात. मोबाईलने मुले बिघडवली, वाचन संपले, असे म्हणून मोकळे होतात. काही जण उलट टोकाला जातात. आज लोकांना जे आवडेल ते लिहायचे, कोणावर तरी तुटून पडायचे आणि टाळ्या घ्यायच्या. आमच्या मते या दोन्ही वाटा भीतीतून निघालेल्या आहेत. पहिला आपल्या जागेला चिकटून बसतो आणि दुसरा जागा टिकवण्यासाठी विषयच सोडतो. आपल्या आधीच्या लिहिणाऱ्यांनी अशा वेळी काय केले, हे इतिहासात पाहावे असे आम्हाला वाटते. आपला इतिहास केवळ विजयांचा नाही. त्यात मागे पडलेली, विसरलेली आणि काळाने बाजूला सारलेली माणसेही आहेत.

सुरुवात बाबासाहेबांच्या आधीपासून करू. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ साली निवृत्त झाले. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि शंकराचार्यांसह सनातन्यांना अस्पृश्यतेचा आधार विचारला. 'दीनबंधू'सारख्या पत्रांतून ते लिहीत राहिले. महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा १८९४ साली त्यांनी विनंतीपत्र तयार केले. १९०० साली ते वारले तेव्हा ना भरती सुरू झाली होती, ना शंकराचार्यांनी उत्तर दिले होते. त्यांच्या हयातीतच हिशेब मांडला असता तर लेखक म्हणून ते हरले असेच म्हणावे लागले असते.

पण तो अर्ज तिथे संपला नाही. तो आपल्याच पुणे जिल्ह्यात एका माणसाने पुन्हा हाती घेतला. त्यांचे नाव शिवराम जानबा कांबळे. आज पुण्यातल्या किती तरुणांना हे नाव ठाऊक आहे? भीमा कोरेगावला जाणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांना ठाऊक आहे? या लेखाचा मुख्य विषय तेच आहेत.

शिवराम जानबा कांबळे यांचा जन्म १८७५ सालचा, म्हणजे बाबासाहेबांपेक्षा ते सोळा वर्षांनी मोठे. पदवी नव्हती, परदेश नव्हता. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये त्यांनी नोकरी केली आणि स्वतःच्या कष्टाने वाचन वाढवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सासवडला ५१ गावांतल्या महारांची परिषद त्यांच्या पुढाकाराने भरली आणि लष्करात व पोलिसात घ्यावे, अशी मागणी सरकारकडे गेली. १९१० साली जेजुरीच्या परिषदेनंतर दख्खनच्या महारांच्या वतीने थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. मागणी जवळपास तीच होती. वलंगकरांचीच मागणी ते पुन्हा पुन्हा लिहीत होते. "यात नवीन काय?" असे तेव्हाही कोणी तरी विचारले असेल.

१ जुलै १९०८ रोजी कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. अस्पृश्य माणसाने संपादित केलेल्या अगदी पहिल्या नियतकालिकांत त्याची गणना होते. त्याचे मोठेपण संपादकाच्या भाषेत शोधू नये, ते त्याने पानावर कोणाला जागा दिली यात आहे. खंडोबाला मुलगी वाहण्याची आणि तिला मुरळी करण्याची प्रथा जेजुरीच्या पायाशी चालत होती. ती बहुतेक आपल्याच घरांतल्या मुलींच्या वाट्याला येत होती. कांबळे यांनी या प्रथेविरुद्ध लिहिले आणि १९०९ साली शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळी असलेल्या स्त्रीचे पत्र त्यांनी छापले. तिच्या आयुष्याबद्दल तिनेच लिहिलेले ते पत्र होते. पुढे गणपतराव गायकवाड यांच्याशी तिचा विवाह लावून देण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. सभ्य पुण्याच्या मासिकांत तेव्हा स्त्रीशिक्षणावर लेखांचा पाऊस पडत होता. त्या पावसाचा एक थेंब तरी मुरळीच्या अंगणात पडला होता काय?

'सोमवंशीय मित्र' फार वर्षे टिकले नाही. वाचता येणारे थोडे आणि वर्गणी भरू शकणारे त्याहून थोडे, मग टिकणार कसे? मासिक बंद पडले आणि पुढच्या दहा वर्षांत अस्पृश्यांच्या राजकारणाचे चित्र पार बदलले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला एक तरुण मुंबईत आला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्याने 'मूकनायक' काढले. त्याची भाषा, अभ्यास आणि मांडणी कांबळे यांच्या पिढीच्या अर्जविनंत्यांपेक्षा फार पुढची होती. पिढीचे अंतर इथे स्पष्ट दिसते. जुनी पिढी सरकारकडे आणि सुधारकांकडे दाद मागत होती, नवी पिढी हक्क सांगत होती.

कांबळे यांच्या मनात तेव्हा काय आले हे कोणालाच सांगता येणार नाही आणि आम्हीही ते कल्पनेने लिहिणार नाही. पण त्यांनी काय केले हे इतिहासात आहे. १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या विजयस्तंभापाशी सभा भरली. ती भरवण्यात शिवराम जानबा कांबळे पुढे होते आणि त्या सभेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. आज आपण दरवर्षी जिथे मानवंदना द्यायला जातो त्या परंपरेत हा दिवस पायाचा दगड आहे. कांबळे गेली पंचवीस वर्षे लष्करभरतीसाठी अर्ज लिहीत होते आणि त्या अर्जांचा आधारच आपल्या पूर्वजांनी केलेली सैनिकी सेवा हा होता. तो आधार त्यांनी आपल्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान असलेल्या नेत्याच्या हाती दिला.

त्यानंतरही ते घरी बसले नाहीत. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात पर्वती सत्याग्रह सुरू झाला. पेशव्यांच्या देवळाचे दार अस्पृश्यांना बंद होते. कांबळे यांनी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्या सत्याग्रहाचे पुढारीपण केले. पां. ना. राजभोज यांच्यासारखे तरुण त्यांच्या सोबत होते. सनातन्यांनी सत्याग्रहींवर दगड टाकले. देऊळ उघडले नाही, पण पुण्याच्या सुधारकी प्रतिष्ठेचा बुरखा त्या पायऱ्यांवर फाटला. १९३० साली ह. ना. नवलकर यांनी कांबळे यांचे चरित्र आणि या सत्याग्रहाची हकीकत लिहून ठेवली. ते पुस्तक नसते तर यातले किती आपल्यापर्यंत आले असते, याचा विचार करा.

आता नागपूरकडे वळू, कारण याच प्रश्नाला तिथे वेगळे उत्तर मिळाले. किसन फागूजी बनसोडे यांचा जन्म १८७९ सालचा, म्हणजे कांबळे यांच्याच पिढीतला. नागपूरजवळच्या मोहप्याचा हा माणूस कवी, संपादक, मुलींची शाळा काढणारा आणि कामगारांत राबणारा होता. १९०७ साली त्यांनी नागपुरात मुलींची शाळा सुरू केली. स्वतःचा छापखाना उभा केला. १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ साली 'विटाळ विध्वंसक', १९१८ साली 'मजूर पत्रिका' आणि पुढे तिसाव्या दशकात 'चोखामेळा' अशी पत्रे त्यांनी चालवली. 'विटाळ विध्वंसक' हे नाव पाहा. वलंगकरांच्या पुस्तिकेचा धागा त्यांनी कसा पकडला होता हे त्यावरून दिसते. आपण या भूमीचे मूळ रहिवासी आहोत आणि आपला मान हिरावून घेतला गेला, ही मांडणी त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच केली होती. विदर्भातला आंबेडकरी विचार ज्या जमिनीत रुजला ती जमीन नांगरणाऱ्यांत बनसोडे आघाडीवर होते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी घोषणा केली की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. पर्वती सत्याग्रहाला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. मंदिराच्या दारावर डोके आपटण्याचा काळ संपला होता. बनसोडे मात्र धर्मांतराला तयार झाले नाहीत. चोखोबाच्या भक्तीच्या वाटेवर राहूनच आपल्या माणसांना मान मिळवता येईल, या भूमिकेवर ते ठाम राहिले. समाज पुढे गेला. बनसोडे १९४६ साली वारले आणि दहा वर्षांनी त्यांच्याच नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, लाखो लोकांनी बुद्धाला शरण जाऊन त्या प्रश्नाचा निकाल लावला.

बनसोडे यांची भूमिका चुकली असे आम्ही बौद्ध म्हणून स्पष्ट म्हणतो. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. त्यांची भूमिका कालबाह्य झाली म्हणून त्यांचे तीस वर्षांचे लिखाण आणि काम कालबाह्य होते काय? आपल्यातले काही जण असाच न्याय लावतात. एखाद्याने एका वळणावर चूक केली की त्याचे सगळे आयुष्य पुसून टाकायचे. मग त्यांची शाळा कोणाच्या खात्यावर मांडायची? 'मजूर पत्रिका' कोणाची? ज्या मुली त्या शाळेत पहिल्यांदा अक्षर शिकल्या त्यांच्या नातींनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा म्हटल्या असतील, हे नाते आपण कसे तोडणार?

कांबळे आणि बनसोडे यांना शेजारी ठेवून आम्हाला जे दिसते ते असे. दोघेही लिहिणारे होते, दोघांची पत्रे बंद पडली आणि दोघांच्या आयुष्यात त्यांच्यापेक्षा मोठा माणूस आला. कांबळे यांनी आपला प्रश्न त्याच्या हाती दिला आणि त्याच्या मागे उभे राहिले. बनसोडे यांनी आपले उत्तर धरून ठेवले. लिहिणारा कालबाह्य होतो तो वयामुळे किंवा भाषेमुळे नाही. समाजाचा प्रश्न पुढे सरकलेला असताना तो आपल्या जुन्या उत्तराला चिकटून राहतो, तेव्हा तो मागे पडतो. आणि जुनाच प्रश्न पुन्हा लिहावा लागतो म्हणून कोणी मागे पडत नाही. भरतीचा अर्ज १८९४ ला लिहिला गेला, सासवडच्या परिषदेनंतर लिहिला गेला, १९१० ला लिहिला गेला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर ती मोडली गेली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे पहिल्या अर्जापासून ४७ वर्षे लागली. त्या काळात एखाद्याने "तेच तेच काय लिहायचे" म्हणून लेखणी ठेवली असती तर?

कोणी म्हणेल, कांबळे, बनसोडे ही साधी माणसे होती, बाबासाहेबांसारख्या विद्वानाला ही चिंता कुठे होती? मित्रहो, छापण्याची आणि वाचले जाण्याची लढाई बाबासाहेबांनाही शेवटपर्यंत लढावी लागली. 'मूकनायक' शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने सुरू झाले. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि १९२३ साली पत्र बंद पडले. म्हणून ते थांबले काय? ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. अंकाचे बहुतेक रकाने ते एकहाती लिहीत होते आणि वर्गणीसाठी वाचकांना विनवत होते. १९२९ साली तेही बंद पडले. १९३० साली 'जनता' आले आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. ही नावे ओळीने वाचा. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. समाज ज्या पायरीवर उभा होता त्या पायरीचे नाव पत्राला मिळत गेले. बाबासाहेबांनी कोणत्याही नावाचा मोह धरला नाही. 'मूकनायक' हे नाव गाजलेले होते, तरी १९२७ साली त्यांनी तेच पुन्हा लावण्याचा हट्ट केला नाही.

'जातीचे निर्मूलन' या भाषणाची कथाही आठवा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण वाचून परिषदच रद्द केली. ज्या सभेसाठी लिहिले ती सभाच झाली नाही. लेखकाच्या दृष्टीने याहून मोठा नकार कोणता? बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने १५०० प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. आज जगभरच्या विद्यापीठांत ते पुस्तक वाचले जाते आणि परिषद रद्द करणाऱ्यांचे नाव केवळ त्या भाषणामुळे उरले आहे. सप्टेंबर १९५६ मध्ये, परिनिर्वाणाच्या तीन महिने आधी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या ५०० प्रती सरकारने घ्याव्यात अशी विनंती केली होती. बुद्धजयंतीचे २५०० वे वर्ष सरकार साजरे करत होते, तरी प्रकाशनासाठीचा पैसा संपला असे उत्तर आले. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या मागे निघाला. आज आपल्या विहारांत त्याचे सामूहिक वाचन होते. 'हिंदू धर्मातील कोडी' तर हस्तलिखितातच पडून होते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड १९७९ पासून काढले आणि त्यात ते १९८७ साली छापले गेले. वसंत मून यांनी कागद अन् कागद जपला म्हणून हे घडू शकले. लेखकाइतकेच कागद जपणाऱ्याचे काम मोठे असते, हे आपण का विसरतो?

या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट सुटण्याची भीती आहे. "आपल्याला कोण वाचणार" ही चिंता करायलासुद्धा आधी आपण वाचले जात असावे लागते. आपल्या स्त्रियांच्या वाट्याला ती चिंताही आली नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत लिहीत होत्या. सुमारे वीस वर्षे त्यांनी आपले लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. वीस वर्षे एकही वाचक नसताना ही बाई लिहीत राहिली आणि आज दलित स्त्रीच्या आत्मकथनाचा विषय तिच्याशिवाय सुरू होत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. तोवर आपल्या पुरुष लेखकांना त्या स्त्रियांचा इतिहास लिहिण्यासारखा वाटला नव्हता. ज्या पुरुष कार्यकर्त्यांना आज आपण बाजूला पडत आहोत असे वाटते, त्यांनी थोडा वेळ बेबीताईंच्या दुकानात मनाने बसून पाहावे.

आता पुन्हा मुळशीत येऊ. इथे एक मोठा लढा झाला, त्याला शंभर वर्षे उलटली. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मुळा नदीवर धरण बांधायचे ठरले आणि पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही ओळख याच लढ्याने दिली. १९२४ अखेर लढा संपला आणि धरण पूर्ण झाले. हरलेला लढा म्हणून तो अनेक वर्षे धूळ खात पडला. पुढे नर्मदेच्या खोऱ्यात धरणाचा प्रश्न पेटला तेव्हा मुळशीचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला. २००९ साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने ही जगातली पहिली धरणविरोधी चळवळ असल्याचे मांडले. जमिनीवर कर्ज देऊन बसलेल्या सावकारांचे हित आणि ती कसणाऱ्या मावळ्यांचे हित एक नव्हते, हेही त्यांनी दाखवले. विस्मरणात गेलेली गोष्ट नवी गरज उभी राहिली की परत येते, पण त्यासाठी ती कोणी तरी लिहून ठेवलेली असावी लागते.

आमचा प्रश्न इथून सुरू होतो. त्या बुडालेल्या गावांच्या कडेला महारवाडे होते, मांगवाडे होते, कातकऱ्यांची खोपटी होती. मोबदल्याचे भांडण जमिनीचे होते, मग ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याच्या उठण्याची नोंद कोणी केली? येसकरकी गेली, बलुते गेले, स्मशानाची जागा गेली, ती माणसे कोणत्या गावाच्या वेशीबाहेर पुन्हा बसली? 'केसरी'चा बातमीदार त्यांच्या दारात गेला होता काय? हे आपल्याशिवाय दुसरे कोणी विचारणार नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हे ऐकले ती शेवटची पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. पाच-दहा वर्षांत ती गेली की हे पान कायमचे कोरे राहील.

म्हणून "यात नवीन काय?" असे विचारणाऱ्या तरुणाला आमचे उत्तर आहे की बाबा रे, नवीन तुझ्याच वस्तीत आहे आणि ते लिहायचे काम तुझे आहे. तुझा आजा धरणाच्या कडेहून कुठल्या रस्त्याने आला? बापाची वतनाची जमीन कोणी कशी विकत घेतली? तू ज्या कंपनीत कंत्राटावर उभा राहतोस तिथे कायम कामगारांच्या यादीत आपली किती नावे आहेत? तुझ्या बहिणीला भाड्याने खोली घेताना आडनाव का विचारले गेले? महाड आणि मनुस्मृतीचा विषय इथे आपोआप येतो, तो वेगळा शिकवावा लागत नाही.

आणि जुन्या लिहिणाऱ्यांना, ज्यांत उद्या आम्हीही असू, आमचे म्हणणे वेगळे आहे. आपला विषय सोडू नका, पण आपली खुर्ची सोडायला शिका. आपल्या घरात पडलेले जुने अंक, पत्रके, परिषदांची निमंत्रणे, हिशेबाच्या वह्या वाळवीच्या हवाली करू नका. मोबाईलवर त्यांचे फोटो काढायला एक रविवार पुरतो आणि हे काम तरुण मुले आपल्यापेक्षा चांगले करतील. त्यांना घरी बोलवा, कागद दाखवा, चुकलेले सांगा आणि मग त्यांनी आपल्या भाषेत जे लिहिले ते छापा. शिवराम जानबा कांबळे यांनी शिवूबाईचे पत्र छापले तेव्हा ती कोणी लेखिका नव्हती.

चळवळीचीही जबाबदारी आहे. अण्णाभाऊ साठे यांनी १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, 'फकिरा' लिहिली आणि १९६९ साली ते हलाखीत गेले. आज त्यांचे पुतळे आहेत, टपाल तिकीट आहे, जयंतीला ढोल आहेत. जिवंतपणी ज्याच्या घरी आपण गेलो नाही त्याची मिरवणूक काढण्याने ते ऋण फिटत नाही. आपल्या तालुक्यात एखादा जुना शाहीर असेल, हाताने पत्रके लिहिणारा निवृत्त शिक्षक असेल, बुद्धवंदना आणि भीमगीते जुळवणारी म्हातारी असेल. त्यांना विसरल्याची भीती घेऊन जगायला लावणे हा आपल्या समाजाचा दोष आहे, त्यांचा नव्हे.

भगवान बुद्धांनी सगळे संस्कार अनित्य आहेत असे सांगितले. आपले नाव, आपली शैली आणि आपली पत्रेही त्यात आली. 'सोमवंशीय मित्र' गेले, 'मूकनायक' गेले, 'बहिष्कृत भारत' गेले. अनित्यतेचा अर्थ हातपाय गाळून बसणे असा नाही, अप्रमादाने काम पुरे करा हेही तथागतांनीच सांगितले. पुण्याच्या एका हॉलमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाने काढलेले मासिक शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बंद पडले. १ जानेवारीला कोरेगावला जाताना मात्र लाखो पावले त्याने दाखवलेल्या रस्त्याने चालतात आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचे नाव ठाऊक नसते. येत्या १ जानेवारीला बसमध्ये शेजारी बसलेल्या पोराला ते नाव सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!